रेलमधला बाक

३ फेब्रुवारी

ही डायरी प्लायवाल्याने नवीन वर्षाची भेट म्हणून दिली. महिनाभर फ्रिजवर पडून होती. आज खुशीने ती माझ्यासमोर आपटली. म्हणाली, "बाबा, तुमी घरी कोनाशीच धड बोलत नाई. मंग यात तरी लिहा." पोरीचं म्हणणं अगदीच चूक नाही. कारखाना टाकल्यापासून माझं तोंड घरात बंद असतं आणि कारखान्यात नको तेवढं उघडं.

तर लिहितो. मी सूर्यभान, राहणार वलगाव. बापाने जन्मभर वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि शेवंती पिकवली. मी आयटीआयला जाऊन सुतारकाम शिकलो. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या साइटवर राबलो आणि आता अमरावती रोडवर टिनाच्या शेडमध्ये स्वतःचा फर्निचरचा कारखाना टाकलाय. कारखाना हे नाव मोठं, माणसं दोनच. मी आणि माझा मेहुणा चंदन. मी माप टाकतो, तो कापतो, आणि कापलेलं मी तपासतो.

आमच्याकडे कायदा एकच. माझ्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एकही तुकडा जुळणीला जात नाही. फळी नाकासमोर धरायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून थेट शेवटपर्यंत बघायचं. केसाएवढा बाक असला तरी लपत नाही. साइटवरचे लोक म्हणायचे, सूर्यभानचा डोळा असताना पट्टी कशाला पाहिजे.

चंदनबद्दल लिहायलाच हवं. हात सोन्याचा, पण दारूने पार वाया गेला होता. तीन वर्षांपूर्वी सोडली. तेव्हा माझ्या बायकोने, रुख्मिणीने मला सांगितलं होतं, "माह्या भावाले कामात बांधून ठेवा. रिकामा राह्यला तं पुन्हा तिकडंच जाईन." अर्धा कारखाना मी त्याच्यासाठीच टाकला असं म्हटलं तरी चालेल. त्याने शब्द पाळला, हेही खरं.

आणि आज त्याने कापलेल्या कपाटाच्या बाजूच्या फळ्यांना मधोमध बाक निघाला. दोन्हींना.

६ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच. गीतांजली मॅडमच्या किचनचं काम आहे. मॅडम विद्यापीठात नोकरीला आहेत, अमरावतीत नवीन घर बांधलंय, पाडव्याला गृहप्रवेश. त्याआधी ओटा, कपाटं, त्यांची दारं म्हणजे शटर, सगळं लागलं पाहिजे. पहिलंच मोठं काम आणि फळ्या अशा.

चंदन म्हणाला, "भाऊजी, पातं बोथड झालं असन. पन मले तं बाक दिसून नाई राह्यला."

मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." तो हसला. मी हसलो नाही.

एक गोष्ट विचित्र वाटली. फळी उलटी करून बघितली, तरी बाक त्याच बाजूला. म्हणजे दोन्ही कडा सारख्याच चुकल्या. याचा हात एकाच अंगाला ओढतोय, दुसरं काय.

७ फेब्रुवारी

ठरवलं. ट्रॅक सॉ घ्यायची.

आत्ता आम्ही प्लायवर अॅल्युमिनियमचा पाइप आवळून त्याला टेकवून हातातलं कटर चालवतो. पाइप लवतो, हात सुटतो, कटर भरकटतं. मोठी पॅनेल सॉ घ्यावी तर ती शेडमध्ये मावणार नाही, मावली तर आम्ही मावणार नाही. ट्रॅक सॉची गोष्ट वेगळी. प्लायवर लांब रेल ठेवायची, तिच्या खाचेत मशीन बसतं आणि आगगाडीसारखं सरळ जातं. कापणाऱ्याचा हात थरथरला तरी मशीन थरथरत नाही.

हे शेवटचं कारण मी चंदनला सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी

चार दिवस मोबाइलवर नुसत्या करवती बघतोय. बॅटरीची की वायरची? बॅटरीवाली सुटसुटीत, पण जाड प्लायला दमते असं एक जण सांगतो आणि दुसरा म्हणतो की अजिबात दमत नाही. आपल्याकडे व्होल्टेजचं काही खरं नाही, तरी वायरचीच बरी. खरा घोळ रेलचा आहे. प्लाय आठ फुटांचा. करवतीला चढायला-उतरायला पुढेमागे जागा लागते, म्हणजे रेल नऊ फुटांच्या वरच हवी. एवढी अखंड रेल आणायची कशी? दोन अर्ध्या रेल घेऊन मध्ये जोडपट्टीने जोडता येतात, पण जोड म्हणजे जोड. तो जरा सरकला की पूर्ण कापच वाकडा.

रुख्मिणी विचारत होती, "साखरेच्या गोळ्या घेतल्या का?" म्हटलं घेतल्या. नव्हत्या घेतल्या. मागच्या महिन्यात संपल्यात, आणायला वेळ कुठे आहे. तशी मला काही तकलीफ नाही.

खुशी डायरीत डोकावून म्हणाली, "बाबा, तुमच्या ओळी डोंगर चढून राह्यल्या." पोरीला म्हटलं, आपलं पुस्तक बघ.

१४ फेब्रुवारी

अकोल्याला जाऊन आलो. बडनेऱ्याहून गाडीने. मशिनरीच्या दुकानाचे मालक खुशालराव म्हातारे आहेत, पण माल स्वतः दाखवतात. दोन कंपन्यांच्या करवती टेबलावर ठेवून दोन्ही चालवायला दिल्या. एकीचा खाली दाबायचा खटका कडक, दुसरीचा लोण्यासारखा. दुसरी घेतली.

रेलबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "अखंड घेसान तं काप चांगला येईन. पन नेसान कशी? टीसी तुमाले गाडीत घेईन, रेलले नाई घेनार." मग दोन अर्ध्या घेतल्या, जोडपट्टीसकट. खुशालराव म्हणाले, "जोडतानी लांब पट्टी लावून जोडजा, घाई नोका करू."

गाडीत रेल मांडीवर आडवी धरून बसलो. समोरच्या बाईने विचारलं, हे काय हो, पडद्याचा रॉड काय? म्हटलं हो, मोठ्या घराचा पडदा आहे.

फार दिवसांनी मन हलकं वाटलं.

१७ फेब्रुवारी

मन हलकं असायचे दिवस संपले.

आज पहिला काप. पहिल्यांदा चालवताना रेलच्या कडेची रबरी पट्टी करवत स्वतःच कापून बरोबर करते, मग पट्टीची धार जिथे, काप तिथे. खूण शोधायची कटकट नाही. चंदनने रेल जोडली, लांब पट्टी लावून तपासली, आवळली. करवत अशी गेली की माझ्या अंगावर काटा आला. धार आरशासारखी.

फळी उचलली, डोळा मिटला, बघितलं. मधोमध बाक.

मी म्हटलं, जोड सरकलाय. पुन्हा जोडली. पुन्हा बाक. पाच-सहा वेळा हेच. शेवटी चंदन म्हणाला, "भाऊजी, मले सरळ दिसते. देवाशप्पत सरळ हाय."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचे डोळे लाल होते.

१९ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतं, पण इथे नाही लिहायचं तर कुठे? मला शंका येतेय की चंदन पुन्हा प्यायला लागलाय.

डोळे लाल. खिशात सोपची, म्हणजे बडीशेपेची पुडी, जेवल्यावर चावतो. सोप कशाला चावतात हे मला कोणी शिकवायला नको. आज रेल आवळायचा शिकंजा लावताना मुद्दाम जवळ जाऊन वास घेतला. लाकडाचा भुसा आणि सोप, एवढाच आला. पण येणार तरी कसा, त्यासाठीच तर सोप असते.

रुख्मिणीला यातलं काही बोललो नाही. दुधाने पोळलेली बाई आहे ती, ताकही फुंकून पिते. भावाचं नाव काढलं तर आधी रडेल आणि मग माझ्यावर उलटेल.

२३ फेब्रुवारी

आज त्याला रंगेहाथ पकडलं. दारू पिताना नाही, माझ्या खुणा खोडताना. मी शटरवर माप टाकून चहाला गेलो. परत आलो तर हा माझी रेघ रबराने पुसून दुसरी मारत होता.

विचारलं, "हे काय करून राह्यला?"

म्हणाला, "रेघ दोन सूत सरकली होती, भाऊजी. मी बरोबर केलं."

"किती दिवसांपासून बरोबर करून राह्यला?"

तो रबर खिशात टाकत म्हणाला, "राग नोका धरू. एक डाव डोळे दाखवून या ना अमरावतीले."

मी टेप हातातून फेकला. ज्या डोळ्याने याला काम शिकवलं तो डोळा हा मला दाखवायला सांगतो. स्वतःचा हात सुटला ते कबूल करायचं नाही आणि उस्तादाला आंधळा ठरवायचं. दारूड्यांची ही जुनी तऱ्हा आहे. चूक कधीच त्यांची नसते.

२७ फेब्रुवारी

गीतांजली मॅडम काम बघायला आल्या. कोपऱ्यात नापास फळ्यांचा ढीग बघून घाबरल्या. एक उचलून म्हणाल्या, "यात काय खराब आहे? मला तर सरळच दिसतेय हो."

दिसणारच. त्यांना काय कळतं. पण त्यांचा चेहरा पडला होता, पाडव्यापर्यंत होईल ना म्हणून विचारत होत्या, आणि मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. मी म्हणालो, "मॅडम, माल चांगला आहे, मशीन चांगलं आहे. आमचा कापणारा माणूस पुन्हा प्यायला लागलाय. हात थरथरतो त्याचा. मी बंदोबस्त करतो."

चंदन मागे उभा होता. फळीच्या कडांना चिकटवायच्या एज बँडची गुंडाळी घेऊन आत येत होता.

त्याने गुंडाळी टेबलावर ठेवली, करवतीची वायर काढून नीट गुंडाळली, पातं पुसलं, डबीत ठेवलं. मग चप्पल घालून गेला. पिणारा माणूस भांडतो. हा भांडला नाही, म्हणजे पकडला गेलाय. असं मी तेव्हा समजलो आणि आत्ताही तसंच समजतो.

पण त्याने पातं पुसलं हे डोक्यातून जात नाही.

१ मार्च

तो परतवाड्याला गेला. तिथे कोणाच्या तरी कारखान्यात सागवानी पलंगांचं काम धरलंय म्हणे. रुख्मिणीला फोनवर हे सांगितलं, आणि मी जवळ जाऊन त्याचा वास घेतला होता तेही.

रुख्मिणी ताट वाढते, पण बोलत नाही. आज एकदाच बोलली. "तुमी त्याच्या तोंडाचा वास घेतला, अन् मले इचारलं बी नाई. मी त्याची बहीन हाय. तीन वर्ष रोज मी घेऊन राह्यली तो वास."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काही नाई." आणि भाकरी टाकून आत गेली.

५ मार्च

भावकीतली एक पिकअप वांगी घेऊन अकोल्याच्या बाजारात जात होती. दोन्ही अर्ध्या रेल तिच्यात टाकून मीही गेलो. खुशालरावांना म्हटलं, तुम्ही वाकडा माल दिला.

त्यांनी रेल जोडून बघितली, कोऱ्या पट्टीने तपासली. "कुठं वाकडी?"

मी बोट ठेवून दाखवलं. मग ते शांतपणे आत गेले, नवी अखंड रेल आणली, जमिनीवर ठेवली. मी गुडघ्यावर बसून बघितली. तीही मध्ये वाकडी. दुसरी आणली. तीही. म्हटलं, "तुमचा सगळा लॉटच खराब आला."

म्हाताऱ्याने पतंगाचा दोरा काढला. एक टोक मुलाकडे दिलं, एक स्वतः धरलं, रेलच्या कडेला ताणून लावला. "आता पाहा. तानलेला दोरा वाकडा राहू शकत नाई. हे तं मानता?"

मानतो. कुठलाही सुतार मानेल. मी डोळा मिटून बघितलं. दोरा आणि रेल एकमेकांना चिकटले होते, मध्ये फट कुठेही नव्हती. आणि दोघंही वाकलेले होते.

म्हटलं, मुलाने दोरा ढिला धरलाय. मुलगा म्हणाला, "काका, बोटात रुतून राह्यला." त्याने बोट दाखवलं. लाल वळ उठला होता.

खुशालरावांनी न बोलता अखंड रेल बदलून दिली. निघताना म्हणाले, "भाऊ, तुमची तब्येत बरी हाय ना?" हे व्यापारी लोक. माल नको म्हटलं की गिऱ्हाइकाची तब्येत बिघडते.

पिकअपमध्ये रिकाम्या कॅरेटांवर रेल बांधून आणली. मूर्तिजापूरपर्यंत मी तिच्यावर हात ठेवून बसलो होतो. दोऱ्याचा विचार करत होतो. मग विचार करणं सोडून दिलं.

१२ मार्च

अखंड रेलही तशीच. आता कापायला मी एकटा आणि तपासायलाही मीच. म्हणजे हात माझा, डोळा माझा, रेल नवी, आणि बाक तोच. बाक नेहमी मध्येच, जिथे बघावं नेमका तिथेच. डावीकडे बघितलं तर डावीकडे सरकतो, असंसुद्धा आज वाटलं. थकवा असेल. झोप नाही.

कोपऱ्यातला ढीग माझ्या छातीएवढा झालाय. त्यात आता माझेही काप आहेत. मी ते चंदनच्या फळ्यांवर ठेवत नाही, वेगळे ठेवतो. का ते माहीत नाही.

सकाळी चहा ओतताना धार कपाच्या बाहेर गेली. खुशी बघत होती. तिने फडक्याने पुसलं आणि आईकडे बघितलं. या घरात आता सगळे एकमेकांकडे बघतात, माझ्याशी कोणी बोलत नाही.

मॅडमचा फोन आला होता. उचलला नाही.

१८ मार्च

डोळा अजून झोंबतोय. तरी लिहितो. जसं घडलं तसं लिहितो.

दुपारी शटर कापत होतो. करवतीचा भुशाचा पाइप निसटला आणि मूठभर भुसा उजव्या डोळ्यात गेला. आंधळ्यासारखा नळाकडे धावलो. रुख्मिणी डबा घेऊन आलीच होती. तिने पाणी मारलं, पदराने पुसलं, मग ओला रुमाल त्या डोळ्यावर तिरका बांधला. "उघडू नोका घडीभर. बसा."

बसणारा मी नव्हे. कापलेली फळी टेबलावर होती. उचलली. उजवा बांधलेला, म्हणून डाव्याने बघितलं. जन्मात कधी डाव्याने कड बघितली नव्हती, मान कुठे वळवावी हेही कळेना.

फळी सरळ होती.

मी ती उलटी केली. सरळ. रेलकडे गेलो, भुईला टेकून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, कुठे काही नाही. मी रुमाल वर सरकवला. डोळा झोंबत होता, पाणी गळत होतं, तरी डावा मिटून उजव्याने बघितलं. मधोमध बाक, आणि त्या बाकावर मळकट डाग, काचेवर तेलाचं बोट लागावं तसा. पुन्हा डाव्याने. सरळ. पुन्हा उजव्याने.

रुख्मिणी म्हणत होती, "काय करून राह्यले तुमी, डोळा चोळू नोका."

मग मी ढिगाकडे गेलो. वरचा तुकडा काढला, डाव्या डोळ्याने बघितला, भिंतीला लावला. दुसरा काढला. तिसरा. चंदनच्या हाताचे सगळे. एकेक फळी काढत गेलो, प्रत्येक वेळी वाटायचं, ही तरी वाकडी निघू दे. एक तरी निघू दे. एकच वाकडी निघाली असती तरी मला धरायला काहीतरी राहिलं असतं.

एकही निघाली नाही. सगळी भिंत सरळ फळ्यांनी भरली. जवळजवळ आख्खं किचन तयार होतं तिथे, महिन्यापासून.

मी भुशातच बसलो. रुख्मिणीला म्हटलं, "त्यानं घेतली नव्हती."

ती म्हणाली, "मले माहीत हाय." आणि डब्याचं झाकण उघडून माझ्यासमोर ठेवलं. पण ती माझ्याजवळ बसली नाही.

२१ मार्च

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून मशीनवर हनुवटी ठेवायला लावली. म्हणाले, साखरेमुळे उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, त्यामुळे तुम्हाला इतके दिवस कळलं नाही. तुम्ही एकच डोळा वापरून बघता म्हणून निदान लक्षात तरी आलं.

मी विचारलं, "पूर्ण बरा होईल?"

"इंजेक्शनं घेऊ. सूज उतरेल. पण उशीर झालाय, किती परत मिळेल ते आत्ता सांगत नाही. डावा तरी सांभाळा. गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

खुशी सोबत होती. तिच्यासमोर खरं सांगावं लागलं.

येताना ऑटोत मी तिला म्हटलं, "चंदनमामानं मले सांगतलं होतं, डोळे दाखवा म्हणून."

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "आमाले बी सांगतलं होतं, बाबा. आमीच भेलो तुमाले सांगाले."

२५ मार्च

वलगाववरूनच परतवाड्याची एसटी जाते. सोबत त्याने कापलेली एक शटरची फळी वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली. काय बोलायचं ते जमणार नाही हे माहीत होतं, निदान फळी बोलेल.

कारखाना बाजाराच्या मागे. चंदन पलंगाच्या पायाला घासकागद मारत होता. मला बघून उठला, स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. जावयाचा मान ठेवला. तेच जास्त लागलं.

मी फळी उघडली. "हे सरळ हाय," म्हटलं. "सगळ्याच सरळ होत्या. माह्या डोळ्यात बिघाड निघाला. साखरेनं."

त्याने फळी घेतलीच नाही. विचारलं, "इंजेक्शन देतात काय? दुखते?"

"अजून घेतलं नाई. चंदन, मी तुह्यावर आळ घेतला. परक्या बाईसमोर. मले माफ कर."

तो पलंगाचा पाय अंगठ्याने चाचपू लागला. मग म्हणाला, "भाऊजी, एक गोष्ट सांगतो, ताईले नोका सांगू. इथं आल्यावर पयल्याच हप्त्यात एक दिवस घेतली मी. तीन वर्ष नाई घेतली तं कोनी पाह्यलं नाई. तुमी म्हटलंच होतं, मंग म्हटलं खरंच करून टाकू. दुसऱ्या दिवशी एवढी लाज वाटली, पुन्हा गेलो नाई तिकडं. पन घेतली."

मी इतके दिवस त्याच्या तोंडाला जो वास शोधत होतो तो मीच आणून दिला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण त्याचा खांदाही हलला नाही.

"चाल घरी," मी म्हटलं.

"या मालकाले शब्द देला हाय. पलंग पुरे करून पाहू."

फळी तिथेच ठेवून आलो. एसटीत डाव्या डोळ्यावर हात ठेवून बाहेर बघितलं. विजेचे खांब मधून वाकलेले पळत होते.

३० मार्च. पाडवा

गीतांजली मॅडमचा गृहप्रवेश आमच्या किचनशिवाय झाला; फळ्या होत्या, पण एकट्याने जुळणी झाली नाही. त्यांनी भिंतीलगत शेगडी मांडून दूध उतू घातलं. मी आणि रुख्मिणी जाऊन आलो. मी मॅडमना सांगितलं, "त्या दिवशी मी चंदनबद्दल बोललो ते खोटं होतं. तो पीत नव्हता. दोष माझ्या डोळ्याचा होता. ज्यांना ज्यांना तुम्ही सांगितलं असेल त्यांना हेही सांगा." त्या अवघडल्या. पाहुणे ऐकत होते. ऐकू दे.

रुख्मिणीने परत येताना माझ्या हातातली पिशवी घेतली. महिन्याभरात पहिल्यांदा.

चंदनने जे सांगितलं ते तिला सांगितलेलं नाही. इथेही लिहायला नको होतं. पण इथे लिहिलं नाही तर मी ते विसरायचा प्रयत्न करीन.

८ एप्रिल

पहिलं इंजेक्शन झालं. दुखलं नाही फार. बाक अजून आहे.

सकाळी कारखाना उघडायला गेलो तर शेडच्या दाराचं शटर अर्धं वर होतं. चंदन आत होता. रुख्मिणीने त्याला किल्ली कधी दिली, मला कोणी सांगितलं नाही. त्याने अखंड रेल प्लायवर ठेवली होती, शिकंजे लावले होते, आणि परतवाड्याला मी ठेवून आलेली फळी भिंतीला, बाकीच्या फळ्यांच्या रांगेत उभी होती.

"मॅडमचे दोन ड्रॉवर राह्यले," तो म्हणाला. जणू कालच घरी गेला होता. चेहरा मात्र तसा नव्हता. तो पूर्वीसारखा माझ्याकडे बघून हसत नाही. हसेल की नाही माहीत नाही.

माप त्याने टाकलं. मी टेपचं दुसरं टोक धरलं. करवत गेली, भुसा उडाला. त्याने फळी उचलली, नाकासमोर धरली, डावा डोळा मिटला आणि कडेवरून शेवटपर्यंत बघितलं. अगदी मी शिकवलं होतं तसं. तोंडात सोप होती. तो सोप पहिल्यापासूनच खातो, दारू सोडली तेव्हापासून. रुख्मिणी त्याला पुड्या बांधून देते, हे मला परवा कळलं.

"सरळ?" मी विचारलं.

"सरळ."

माझा हात सवयीने फळीकडे गेलाच. मी तो मागे घेतला आणि न बघता पुढचा प्लाय रेलखाली सरकवला.